इथे कुणीच गिऱ्हाईक नाही: टोकियोच्या कॉमिकेटला पहिल्यांदा जाताना

वर्षातून दोनदा, ऑगस्टच्या मध्यावर आणि डिसेंबर सरता सरता, टोकियोच्या खाडीलगतच्या ‘बिग साइट’ या प्रदर्शन-संकुलात ‘कॉमिक मार्केट’ भरतं. चाहत्यांच्या तोंडी त्याचं नाव कॉमिकेट. डिसेंबर २०१९मध्ये ते चार दिवस चाललं, तेव्हा एकूण हजेरी साडेसात लाखांच्या घरात गेली होती. आता ते दोन दिवसांचं असतं. त्या दोन दिवसांत वीस हजारांहून जास्त छोटे गट स्वतःच्या खर्चाने छापलेली पुस्तकं मांडून बसतात. कंपन्यांचे स्टॉलही असतात, पण ते वेगळ्या दालनांत. मुख्य दालनं हौशी मंडळींची.

दोरेमॉन आणि शिन-चान टीव्हीवर पाहत वाढलेली आपल्याकडची मुलं आता कमावती झाली आहेत. कुणी पुण्यात जपानी शिकून तिकडे नोकरीला जातं, कुणी सुट्टी काढून फिरायला. त्यातल्या बऱ्याच जणांच्या यादीत कॉमिकेट असतं. जायच्या आधी हे लोक विचारतात ते साधारण एकच: कमी वेळात जास्तीत जास्त वस्तू कशा मिळवायच्या? गर्दीच्या सेलला जायचं तर हा प्रश्न ठीक आहे. कॉमिकेटला मात्र तो लागू पडत नाही, कारण तिथला पायाभूत नियमच वेगळा आहे. तिथे गिऱ्हाईक कुणीच नाही. पुस्तक विकणारा, विकत घेणारा, वेश करून आलेला, रांगा लावणारा कार्यकर्ता, सगळे एकाच नात्याने सहभागी. आयोजक हे दर वेळी स्पष्ट सांगतात. एकदा हे डोक्यात बसलं की तयारीची बाकीची यादी आपोआप सुचत जाते.

हा नियम आला कुठून

१९७५च्या सुमारास जपानमध्ये ‘निहोन मांगा ताइकाई’ नावाचं मांगांच्या, म्हणजे जपानी चित्रकथांच्या, चाहत्यांचं संमेलन भरत असे. त्याच्या कारभारावर टीका करणाऱ्या एका व्यक्तीला तिथे प्रवेश नाकारला गेला. ‘मेइक्यू’ नावाचा मांगा-समीक्षकांचा एक गट त्यावर चिडला. योशिहिरो योनेझावा, तेरुओ हारादा, जुन आनिवा ही त्यातली मंडळी. त्यांनी स्वतःचंच संमेलन काढायचं ठरवलं. २१ डिसेंबर १९७५ला टोकियोच्या तोरानोमोन भागातल्या एका सभागृहात पहिलं कॉमिकेट भरलं. ३२ गट आले होते आणि सुमारे ७०० माणसं. त्यातल्या बहुतेक शाळकरी मुली होत्या, मोतो हागिओसारख्या लेखिकांच्या मुलींसाठीच्या मांगांवर जीव टाकणाऱ्या.

एकाला दारातून परत पाठवलं म्हणून ज्याचा जन्म झाला, त्या संमेलनाने पुढे शक्यतो कुणालाच परत पाठवायचं नाही असं धोरण धरलं. लेखन चांगलं की वाईट, विषय कुठला, चित्रं जमलीत की नाही, हे आयोजक पाहत नाहीत. कायद्यात बसतं का, एवढंच पाहतात. त्यासाठी सकाळी प्रत्येक गटाला नव्या पुस्तकाची एक नमुना-प्रत कार्यकर्त्यांकडे द्यावी लागते. जागेपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत निघते. योनेझावा १९८० ते २००६, म्हणजे मृत्यूपर्यंत, या संमेलनाचे प्रमुख होते. त्यांचा ग्रंथसंग्रह मेइजी विद्यापीठाच्या वाचनालयात आहे आणि त्या वाचनालयाला त्यांचंच नाव दिलं आहे.

इतकी माणसं सांभाळायला पगारी फौज नाही. काही हजार स्वयंसेवक हा डोलारा उचलतात आणि उरलेला भार येणाऱ्यांवर असतो. सगळेच सहभागी, याचा व्यवहारातला अर्थ हा: तुमच्या वाट्याचं काम दुसरं कुणी करणार नाही.

टेबलावर काय असतं

प्रत्येक गटाला, म्हणजे तिथल्या भाषेत ‘सर्कल’ला, अर्धं टेबल मिळतं. रुंदी ९० सेंटिमीटर, खोली ४५, मागे दोन खुर्च्या. एवढ्या जागेत कापड अंथरलेलं, पुस्तकांचे दोन-तीन गठ्ठे, किमतीची हाताने रंगवलेली पाटी आणि नाण्यांचा डबा. या पुस्तकांना ‘दोजिन्शी’ म्हणतात. आपल्याकडे शाळा-कॉलेजांत हौसेने हस्तलिखित अंक काढतात. तीच हौस छापखान्यापर्यंत गेली की जे होईल, ते दोजिन्शी. फरक एवढाच, की ती लिहिणारी माणसं शाळा सुटून वीस वर्षं झाली तरी थांबलेली नसतात.

बरीचशी दोजिन्शी गाजलेल्या मांगा-अ‍ॅनिमेतली पात्रं घेऊन रचलेली असतात. मग स्वामित्वहक्काचं काय? काटेकोरपणे पाहिलं तर प्रश्न आहेच. पण प्रकाशक बहुतेक वेळा काणाडोळा करतात. उद्याचे लेखक आणि आजचे सर्वांत निष्ठावान वाचक याच टेबलांमागे बसलेत, हे त्यांना ठाऊक असतं. २०१८च्या अखेरीस जपानने काही स्वामित्वभंगांसाठी मूळ हक्कदाराच्या तक्रारीची अट काढून टाकली, तेव्हाही चाहत्यांच्या अशा निर्मितीला हा बदल लागू होऊ नये अशी तरतूद ठेवली.

उरलेली दोजिन्शी पूर्णपणे स्वतंत्र असतात. कुणी रेल्वेच्या सिग्नलांवर लिहितं, कुणी जुन्या कॅल्क्युलेटरांवर, कुणी एखाद्या गावातल्या नूडल्सच्या दुकानांवर. संगीताच्या सीडी आणि घरी बनवलेले संगणकीय खेळही असतात. ऑगस्ट २००२च्या एकाच कॉमिकेटमध्ये दोन खेळ टेबलावर आले: ‘तोहो’ मालिकेचा सहावा भाग आणि ‘हिगुराशी’चा पहिला. दोन्ही पुढे जपानभर आणि बाहेरही गाजले. ‘क्लॅम्प’ या चौघींच्या प्रसिद्ध मांगा-चमूची सुरुवातही दोजिन्शीतूनच झाली. तरीही बहुसंख्य गटांच्या प्रती शंभराच्या आतच खपतात आणि छपाई, प्रवास, मुक्काम धरला तर अनेकांचा हिशोब तोट्यातच राहतो. समोरचा माणूस धंद्याला बसलेला नाही, हे खिशात हात घालण्याआधी माहीत असलेलं बरं.

महिनाभर आधी

पूर्वी प्रवेश मोफत होता. आता तिकीट लागतं, तेही वेळेनुसार: अगदी लवकर आत सोडणारं, सकाळचं आणि दुपारचं. लवकरच्या तिकिटांना मागणी फार, म्हणून त्यांची सोडत निघते. पहिल्यांदा जाणाऱ्याने त्याच्यामागे न लागलेलं बरं. दुपारी आत शिरलात तर रांग थोडी, हवा बरी आणि टेबलांमागची माणसं बोलायला मोकळी. काही पुस्तकं संपलेली असतील, पण त्यातली बरीच नंतर टोकियोच्याच अकिहाबारा भागातल्या ‘मेलनबुक्स’सारख्या दुकानांत किंवा ऑनलाइन मिळतात. दुकानात न मिळणारी गोष्ट एकच, ती म्हणजे ते पुस्तक काढणारा माणूस. तिकिटाचे नियम दर वेळी थोडे बदलतात, तेव्हा अधिकृत संकेतस्थळ पाहूनच पैसे भरा. परदेशातून येणाऱ्यांसाठी तिथे इंग्रजीतही माहिती असते.

दुसरं काम कॅटलॉगचं. तो छापील मिळतो आणि ऑनलाइनही. त्यात प्रत्येक सर्कलचं टपाल-तिकिटाएवढं चित्र असतं आणि शेजारी पत्ता. हा पत्ता वाचता आला पाहिजे. आधी दिवस, मग दालन (पूर्व, पश्चिम की दक्षिण), मग गल्लीचं अक्षर, टेबलाचा क्रमांक आणि शेवटी टेबलाचा डावा अर्धा की उजवा हे सांगणारं ए किंवा बी. गल्लीचं अक्षर जपानी लिपीतलं असू शकतं. जपानी येत नसेल तर कागदावर ते अक्षर चित्रासारखं उतरवून ठेवा.

विषय दिवसांनुसार वाटलेले असतात. पहिल्या दिवशी आलेला विषय दुसऱ्या दिवशी सापडत नाही. तिकीट काढण्याआधी आपला विषय कुठल्या दिवशी आहे ते पाहायला हवं. उलटं करणारे बरेच जण नंतर हळहळतात.

नकाशावरून आणखी एक गोष्ट कळते. टेबलं आयताकृती बेटांसारखी मांडलेली असतात. ज्यांच्यापुढे लांब रांग लागणार, त्यांना भिंतीलगत जागा देतात. फारच मोठी रांग लागणार असेल तर शटरजवळ, म्हणजे रांग दालनाबाहेर नेता येते. बेटाच्या टोकाला असलेल्या जागेला गमतीने ‘वाढदिवसाची खुर्ची’ म्हणतात. तिथेही मागणी असलेले गट बसतात. तुमच्या यादीत भिंतीलगतची दोनच नावं ठेवा. दहा ठेवलीत तर दिवस रांगेत जाईल. बेटांच्या मधल्या भागात मात्र तासभर काहीही न ठरवता फिरा. कॉमिकेटचा खरा गाभा तिथे आहे.

पिशवीत काय

सुटे पैसे. शंभर आणि पाचशे येनची नाणी, हजाराच्या नोटा. पुस्तकं बहुधा पाचशे ते हजार येनच्या आसपास असतात आणि अर्ध्या टेबलामागच्या माणसाकडे बँक नसते. सकाळी सकाळी दहा हजारांची नोट पुढे केलीत तर तुमच्यामागची अख्खी रांग खोळंबते. आदल्या दिवशी दुकानांत लहानसहान खरेदी करून नोटा मोडून घ्या. नाण्यांसाठी चेन असलेलं वेगळं पाकीट ठेवा आणि आपली पाळी येण्याआधीच रक्कम मुठीत तयार असू द्या.

ऑगस्टमध्ये जात असाल तर पाणी आणि मीठ. मुंबईच्या उकाड्यात वाढलेल्याला वाटतं, टोकियोत कसला आलाय उन्हाळा? तिथे ऑगस्टात पारा पस्तिशीला टेकतो, हवा दमट, आणि रांग उघड्यावर असते. २०१३च्या उन्हाळ्यात दालनाच्या छताखाली गर्दीच्या घामाच्या वाफेचा ढग तरंगताना लोकांनी पाहिला, इतका दमटपणा आत साचला होता. टोपी, घाम टिपायचा छोटा टॉवेल, खारट गोळ्या किंवा क्षारांचं पेय जवळ हवं. दाटीच्या रांगेत उघडलेली छत्री मागच्याच्या डोळ्यात जाते, म्हणून टोपीच बरी. डिसेंबरात उलट: खाडीवरचा वारा हाडात शिरतो, पण आत गेल्यावर गरम होतं. एकच जाड कोट घालण्यापेक्षा काढता-घालता येतील असे दोन-तीन थर घाला.

चाकांची बॅग नको. गर्दीत ती कुणाला दिसत नाही आणि लोक तिला अडखळून पडतात. मजबूत कापडी पिशवी आणि पुस्तकं दुमडू नयेत म्हणून आत एक कडक फोल्डर, एवढं पुरतं. ओझं फार झालं तर संकुलातच कुरिअरचा काउंटर लागतो. तिथून खोकं थेट हॉटेलवर पाठवता येतं.

मोबाइलवर फार विसंबू नका. एवढ्या माणसांच्या मध्ये नेटवर्क हमखास रडतं. नकाशा, यादी आणि सोबत्यांशी ठरवलेली भेटायची जागा कागदावर हवी. भेटीसाठी एक खूण सोपी आहे: संकुलाच्या आवारात जमिनीत रुतलेली लाल मुठीची अवाढव्य करवत उभी आहे, क्लेस ओल्डनबर्ग आणि कूश फान ब्रुगेन यांनी केलेलं शिल्प. मात्र ‘करवतीपाशी’ एवढं ठरवून भागत नाही, किती वाजता तेही ठरवा.

रांग

जवळची स्थानकं दोन: रिंकाई लाइनवरचं कोकुसाई-तेनजिजो आणि युरिकामोमे लाइनवरचं टोकियो बिग साइट. तुमचे नातेवाईक निशी-कासाईच्या भारतीय वस्तीत राहत असतील तर शिन-किबा गाठा; तिथून रिंकाई लाइनचं दुसरं स्थानक कोकुसाई-तेनजिजो. सुइका या रेल्वेच्या कार्डात येण्या-जाण्याचे पैसे आदल्या दिवशीच भरा. स्थानकाच्या फाटकात कार्ड अडलं की मागे शेकडो माणसं तुंबतात.

रात्रभर बाहेर थांबायला सक्त मनाई आहे. शेजारच्या वस्तीला त्रास होतो आणि अपघात झाला तर संमेलनाचं मैदानच हातचं जाईल, ही भीती आयोजकांना आहे. ती उगाच नाही. १९९१मध्ये काही पुस्तकांतल्या अश्लीलतेवरून वाद उठला आणि कॉमिकेटला तेव्हाची जागा, चिबातलं माकुहारी मेस्से हे संकुल, सोडावं लागलं होतं.

आत गेल्यावर धावायचं नाही. साडेदहाच्या सुमारास ध्वनिक्षेपकावर संमेलन सुरू झाल्याची घोषणा होते आणि सगळं दालन टाळ्या वाजवतं: विकणारे, कार्यकर्ते, नुकतेच शिरलेले, सगळे. चार वाजता संपतानाही तसंच.

एखाद्या लोकप्रिय सर्कलसमोर पोहोचलात की शेपटाशी उभ्या माणसाच्या हातात एक फलक दिसेल. त्यावर लिहिलेलं असतं ‘साइकोबी’, म्हणजे रांगेचा शेवट. तो माणूस कार्यकर्ता नसतो, तुमच्यासारखाच पुस्तक घ्यायला आलेला असतो. तुम्ही त्याच्यामागे उभे राहिलात की मान किंचित लववून तो फलक तुमच्या हातात देतो आणि पुढे वळतो. आता रांगेचा शेवट तुम्ही. फलक उंच धरा, कुणी शोधत आलं तर त्याला दिसेल असा. पुढचा माणूस आला की त्याच्या हाती द्या. रांग वाट अडवत असेल तर मध्येच तोडून पलीकडे नेतात आणि तोडलेल्या जागी दुसरा फलक असतो: हा शेवट नव्हे. तो न वाचता मध्ये घुसणारा नवखा लगेच ओळखू येतो. ना दोरखंड, ना पोलीस. तो फलक हातोहात सरकत राहतो आणि दिवसभर हजारो माणसांच्या रांगा सरळ राहतात. गिऱ्हाईक म्हणून आलेल्या माणसाला हे काम सांगता आलं नसतं.

टेबलासमोर उभं राहिल्यावर

पुस्तक चाळायला हरकत नसते, पण आधी विचारायचं: ‘मिते मो ई देस का?’ समोरचा ‘दोझो’ म्हणाला की दोन्ही हातांनी उचला, टेबलाच्या वर धरून पाहा. आवडलं नाही तर ‘अरिगातो गोझाइमास’ म्हणून जसं होतं तसं परत ठेवा. त्यात कुणाला वाईट वाटत नाही. घ्यायचं असेल तर ‘इस्सात्सु कुदासाई’, एक प्रत द्या. नवं पुस्तक हवं असेल तर ‘शिनकान कुदासाई’. घासाघीस करू नका. मागे रांग असेल तर बोलणं एका वाक्यात आटपा. रांग नसेल तर लेखकाला तुमच्याशी गप्पा मारायला आवडेल, मोडक्या जपानीतसुद्धा.

आवडत्या लेखकासाठी छोटा खाऊ नेण्याची पद्धत आहे. घरी केलेलं काही देऊ नये. पाकीटबंद, टिकणारं आणि घटकपदार्थ छापलेलं हवं. बाकरवडीचं छोटं पाकीट चालून जाईल. त्यात काय आहे, तिखट किती, हे जपानीत एका चिठ्ठीवर लिहून सोबत जोडा.

काही पुस्तकं फक्त प्रौढांसाठी असतात. त्यांवर तशी खूण असते आणि वयाचा पुरावा मागू शकतात, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. भारतात अश्लील साहित्य आणायला कायद्याने बंदी आहे, हे घेण्याआधी लक्षात असू द्या. विमानतळावर आठवून उपयोग नाही.

वेश आणि कॅमेरा

कॉस्प्ले, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश, करायचा असेल तर घरून नटून येता येत नाही आणि तसंच परतताही येत नाही. रेल्वेतल्या प्रवाशांना आपल्या हौसेची झळ लागू नये, हा त्यामागचा विचार. संकुलात कपडे बदलायच्या खोल्या असतात, त्यासाठी वेगळी नोंदणी आणि शुल्क. खरीखुरी भासणारी शस्त्रं, लांब काठ्या, सेवेतल्या पोलिसांचे किंवा सैनिकांचे हुबेहूब गणवेश यांवर निर्बंध आहेत. पहिल्या भेटीत साध्या कपड्यांत जाणंच सोयीचं.

फोटो ठरवून दिलेल्या जागीच काढायचे, विचारून काढायचे, आणि खालून कोन लावायचा नाही. एखाद्या कॉस्प्लेयरभोवती फारच गर्दी झाली तर छायाचित्रकार गोल कडं करून उभे राहतात. मग कुणीतरी मोठ्याने दहापासून उलटे आकडे मोजायला लागतं. शून्य झालं की सगळे कॅमेरे खाली, ‘अरिगातो गोझाइमाशिता’चा एकच गलका आणि कडं मोडतं. मोजणारा बऱ्याचदा गर्दीतलाच एक छायाचित्रकार असतो. कॉस्प्लेयरला पाणी प्यायला उसंत मिळावी, एवढ्यासाठी त्याने आपला फोटो सोडलेला असतो.

परत आल्यावर

मुक्कामी पोहोचल्यावर पुस्तकांची शेवटची पानं उघडा. दोजिन्शीच्या अखेरीस छापल्याची तारीख, सर्कलचं नाव, छापखाना आणि संपर्काचा पत्ता दिलेला असतो. तो केवळ उपचार म्हणून छापलेला नसतो. पन्नास प्रती काढून तीस विकणाऱ्या माणसाला मानधन मिळत नाही, वर्तमानपत्रात परीक्षण येत नाही. कुणीतरी वाचलं आणि कळवलं, हीच त्याची कमाई. म्हणून वाचून झाल्यावर चार ओळी लिहून पाठवा: कुठलं पान आवडलं, का आवडलं. भाषांतराचं अ‍ॅप वापरून लिहिलंत तरी चालेल. तिकीट काढलं, रांगेत उभे राहिलात, फलक धरलात, सुटे पैसे मोजून दिलेत. सहभागी म्हणून तुमच्या वाट्याला आलेल्या कामातलं हे शेवटचं. ते राहिलं तर तुम्ही फक्त खरेदी करून आलात, आणि त्यासाठी एवढ्या लांब जायची गरज नव्हती.